बालीत आमेडला जागा मिळतेय, शुक्रवारपर्यंत पैसे द्यायचेत, अर्जंट मदत हवी आहे

नीलसागर:
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. आमेडला ४ आर जागा मिळतेय, समुद्र अगदी ३० पावलांवर, सकाळी समोर शेजारच्या लोंबोक बेटाच्या बाजूने सूर्य वर येताना दिसतो आणि मागे आगुंग ज्वालामुखी. एजंट म्हणतो दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, शुक्रवारपर्यंत १० टक्के भरा नाहीतर जागा गेली. आम्हाला तिथे कायमचं राहायला जायचंय, पुढेमागे दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. तर तिथे रोजचं राहणं कसं आहे आणि पुढे भाव वाढतील का, एवढंच सांगा. नेटवर जे मिळतं ते सगळं उबुड आणि चांगू या गर्दीच्या टुरिस्ट जागांबद्दल. माहीत असेल त्यांनीच लिहा प्लीज.

मुळशीकर:
ताई, आमेड नक्की कुठे? आर म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर असतो तोच, १०० चौरस मीटर का? विकत घेताय की भाडेपट्टा? किंमत काय? कोण कोण जाणार? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

नीलसागर:
हो आर तोच. बालीच्या पूर्व टोकाला, कारांगआसेम जिल्ह्यात. किंमत वर्षाला एका आरला ७० लाख रुपिया (तिथलं चलन), २५ वर्षांचे एकदम द्यायचे. म्हणजे ७० कोटी रुपिया, आपले साधारण ३७-३८ लाख. थोडे जास्त घालून कायमची मालकी पण मिळेल म्हणतो. पण प्लीज राहण्याबद्दल सांगा ना कोणीतरी.

गुंतवणूक_मित्र:
डोळे झाकून घ्या. बालीच्या दक्षिणेला आता पाय ठेवायला जागा नाही, लोक पूर्वेकडे आणि उत्तरेकडे सरकतायत. उत्तर बालीत नवा विमानतळ येतोय, आला की हेच भाव तिप्पट. सी फेसिंग जागा नव्याने तयार होत नसते. मालकीचा पर्याय असेल तर मालकीच घ्या, लीज म्हणजे दर वर्षी किंमत कमी होत जाणारी वस्तू.

जकार्तास्थित:
नीलसागर ताई, थांबा. मी इंडोनेशियात बरीच वर्षं नोकरीला आहे म्हणून कळकळीने लिहितोय. परदेशी माणसाला इथे पूर्ण मालकी, म्हणजे हाक मिलिक, मिळतच नाही. १९६० च्या जमीन कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय. मग तुमचा एजंट कुठली मालकी देतोय? कोणाच्या नावावर?
आणि मित्रा, तो उत्तरेचा विमानतळ मी इथे आलो तेव्हापासून येतोय. आधी कुबुतांबाहान म्हणत होते, मग जागा बदलायची चर्चा, जमिनीवर अजून काही उभं नाही. त्याच्या भरवशावर कोणाला ३७ लाख घालायला सांगू नका.

नीलसागर:
एजंटच्या ओळखीचा गावातला एक ड्रायव्हर आहे, जागा त्याच्या नावावर घ्यायची आणि त्याच्याशी वेगळा करार करायचा, की खरे मालक आम्ही. सगळे असंच करतात म्हणतो.

जकार्तास्थित:
हे आपल्याकडच्या बेनामीसारखंच आहे. त्याच कायद्याचं कलम २६ वाचा, परदेशी माणसाकडे आडमार्गाने मालकी जाईल असा व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. उद्या त्या ड्रायव्हरचं निधन झालं, घटस्फोट झाला, त्याने जमिनीचं सर्टिफिकेट बँकेत गहाण टाकलं, तुम्ही कुठल्या तोंडाने कोर्टात जाणार? तुमच्या हातात कायदेशीर रस्ते तीन. एक, साधा भाडेपट्टा. दोन, हाक पाकाय, वापराचा हक्क, पण तो तिथे राहायचं परमिट असेल तरच, ३० वर्षं, मग २० वाढवून, मग ३० नूतनीकरण. तीन, पीटी पीएमए, म्हणजे परदेशी गुंतवणुकीची कंपनी, तिला इमारतीचा हक्क मिळतो. खोल्या भाड्याने द्यायच्या तर तुम्हाला हाच तिसरा रस्ता, आणि त्यात जागा-इमारत सोडून १० अब्ज रुपियाहून जास्त गुंतवणूक दाखवावी लागते, म्हणजे आपले पाच कोटीच्या वर. दोन खोल्यांसाठी हे बसतंय का बघा.

गुंतवणूक_मित्र:
कायदा कागदावर असतो हो. हजारो लोकांचे व्हिला असेच उभे आहेत, कोणाचं काही बिघडलं नाही.

जकार्तास्थित:
जुलै २०२५ मध्ये दक्षिण बालीतल्या बिंगिन बीचवरची हॉटेलं-रेस्टॉरंटं सरकारने हातोडे लावून पाडली, त्यातली कित्येक खूप जुनी होती. तिथेही लोक वर्षानुवर्षं हेच म्हणत होते.

कोकणप्रेमी:
मी म्हणतो एवढे पैसे आहेत तर वेळणेश्वर, हेदवी, दापोली काय वाईट आहे? आपली भाषा, आपला देश, भरतीचा आवाज तोच, नारळ तोच. गुहागरला माझ्या साडूने ८ गुंठ्यांत टुमदार घर बांधलं, आता सुट्टीत सगळी भाचरं तिथेच.

मुळशीकर:
कोकणप्रेमी, तिथे तरी कुठे सरळ आहे? शेतकरी दाखला नसेल तर शेतजमीन घेता येत नाही, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट बघा, मग सीआरझेडचे किनाऱ्याचे नियम. आणि त्यांनी कोकणाबद्दल विचारलेलंच नाही.

कोकणप्रेमी:
विचारलं नाही म्हणून सांगू नये का? सातासमुद्रापार जाऊन फसण्यापेक्षा बरं.

दर्यासारंग:
आता राहण्याबद्दल. मी डायव्हिंगसाठी तिथे एक अख्खा सीझन राहिलोय, जेमेलुकच्या अलीकडे. आमेड म्हणजे एक गाव नाही, आमेड, जेमेलुक, बुनुतान, लिपाह, सेलांग, बान्युनिंग अशी वाड्यांची माळ आहे, एकच अरुंद रस्ता टेकडी चढतो उतरतो. विमानतळापासून १०० किमीच्या आसपास, पण अडीच-तीन तास धरा. पांढरी वाळू विसरा, काळी ज्वालामुखीची वाळू आणि गोटे, किनाऱ्यावर जुकुंग होड्या दाटीवाटीने लावलेल्या.
खरा प्रश्न पाण्याचा. तो बालीचा कोरडा कोपरा आहे, भातखाचरं वगैरे वाड्यांच्या वर नाही दिसत. माझ्या घरमालकाची विहीर समुद्राला लागून होती, पाणी मचूळ, अंगाला साबण लावला की फेस येत नसे आणि गीझरची कॉइल पांढरी पडलेली. सप्टेंबर-ऑक्टोबरात टँकर. पिण्याला गॅलनचे जार. एजंटला जागा नंतर विचारा, पाणी आधी विचारा, आणि विहिरीचं पाणी स्वतः तोंडात घेऊन बघा.
वीज प्रीपेड असते, पीएलएनचं, म्हणजे सरकारी वीज कंपनीचं टोकन घ्यायचं, २० आकडी नंबर मीटरवर दाबायचा. बॅलन्स संपत आला की मीटर रात्रभर टीट टीट करतो. १३०० व्हीएच्या छोट्या कनेक्शनवर एसी आणि पंप एकदम चालू केला की सगळं घर अंधारात.
बाकी माणसं फार चांगली. माझ्या ओळखीचे एक आजोबा मीठ करायचे. सकाळी वाफ्यातल्या मातीवर समुद्राचं पाणी शिंपायचं, वाळली की माती खरवडून तिंजुंग नावाच्या शंकूसारख्या टोपलीत भरायची, त्यातून गाळलेलं खारं पाणी नारळाच्या पोखरलेल्या खोडांमध्ये उन्हात ठेवायचं. ते मीठ जिभेवर कडू लागत नाही. आता मिठागरं थोडीच उरलीत, किनाऱ्याच्या जागेला हॉटेलवाले जो पैसा देतात तो मिठात कुठून येणार. तुमची जागा आधी मिठागर होती का तेही विचारा, मला खरंच काळजी वाटते त्या लोकांची.

शाकाहारी_कुटुंब:
तिथे शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं का? आम्ही डिसेंबरमध्ये बाली टूर करतोय, सोबत ११ जण, त्यात चार कांदा-लसूण न खाणारे.

दर्यासारंग:
तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), तोफू, गाडोगाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) सगळीकडे मिळतं. पण सांबाल म्हणजे मिरचीच्या ठेच्यामध्ये आणि शेंगदाण्याच्या चटणीतही तेरासी म्हणजे कोळंबीची पेस्ट असू शकते, दर वेळी विचारून घ्या. कांदा-लसणाचं अवघड आहे.

कोकणप्रेमी:
कोकणात हा प्रश्नच आला नसता.

सीए_काका:
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. पैसे भारतातून कसे पाठवणार? एलआरएस म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या आरबीआयच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परवानगी आहे. मात्र आर्थिक वर्षात १० लाखांवरच्या रकमेला बँक २० टक्के टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापते. ३७.५ लाख एकाच्याच खात्यातून गेले तर साडेपाच लाख अडकतात, नवरा-बायकोने निम्मे निम्मे पाठवले तर साडेतीन. रिटर्नमध्ये वळते होतात, पण तोवर हातात नसतात. दुसरं, ५ वर्षांहून मोठा भाडेपट्टा फेमा या परकीय चलन कायद्याखाली परदेशातली स्थावर मालमत्ता धरतात. भारतात रहिवासी म्हणून रिटर्न भरत असाल तर शेड्युल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं, न दाखवल्यास १० लाखांचा दंड होऊ शकतो. ड्रायव्हरच्या नावावर घेतलेली जागा त्या शेड्युलमध्ये काय म्हणून लिहिणार, हा विचार करा. एजंटच्या वैयक्तिक खात्यावर तर अजिबात पाठवू नका.

मुळशीकर:
नीलसागर, तुम्ही अजूनही सांगितलं नाही कोण जाणार आणि कुठल्या व्हिसावर.

नीलसागर:
अहो मिस्टर डायव्ह इन्स्ट्रक्टर आहेत, तारकर्लीला शिकले, आता तिथल्या एका सेंटरमध्ये नोकरी मिळतेय, परमिट सेंटरवालेच काढणार. मी घरून अकाउंट्सची कामं करते. आणि सासूबाई, वय ६८, बीपी आणि शुगर आहे, मागच्या वर्षी स्टेंट बसवला.

दर्यासारंग:
ताई हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. आमेडला छोटे दवाखाने आहेत, सरकारी हॉस्पिटल अमलापुराला म्हणजे जिल्ह्याच्या गावी, आणि हृदयाचं काही झालं तर बालीची राजधानी डेन्पासार. रात्री दोन वाजता त्या घाटरस्त्याने सासूबाईंना न्यायचं चित्र डोळ्यांसमोर आणा. मिस्टरांच्या बाबतीतही तेच, डायव्हिंगमध्ये बेंड्स झाले (पटकन वर आल्याने रक्तात हवेचे बुडबुडे) तर त्याची हायपरबॅरिक चेंबर, म्हणजे जास्त दाबाची उपचाराची खोली, डेन्पासारला.
शिवाय आगुंग. २०१७ ला लाखाहून जास्त लोक हलवले होते, नोव्हेंबर अखेर विमानतळ बंद. २०१८ ला लोंबोकचे भूकंप पण तिथे जाणवले. घाबरवायचं नाहीये, लोक राहतातच की, पण घर बांधताना खर्चात धरा.

जकार्तास्थित:
व्हिसाचं ऐका. मिस्टरांच्या कामाच्या परमिटवर बायको-मुलं येतात, आईचं गृहीत धरू नका, त्यांचं वेगळं बघावं लागेल. विमानतळावर मिळणारा टुरिस्ट व्हिसा ३० दिवस आणि एकदाच ३० वाढवून, त्यावर कायमचं राहणं होत नाही. आणि अवलंबिताच्या परमिटवर तुम्ही खोल्या चालवल्या तर ते काम धरतात, त्यावरून लोकांना परत पाठवलंय.
मुख्य म्हणजे ३० पावलं. भरतीरेषेपासून साधारण १०० मीटर पट्टा किनारा संरक्षणाचा असतो. आसपास जुनी बांधकामं दिसतील, त्यावर जाऊ नका, नव्याला पीबीजी म्हणजे बांधकाम परवाना मिळेल का ते झोनिंग बघून तुमच्या नोटरीकडून लेखी घ्या. नोटरी तुमचा, एजंटचा नाही. सर्टिफिकेटचा फोटो मागवा, जमीन कार्यालयात नाव आणि बोजा तपासून मिळतो. बांजार म्हणजे तिथल्या वाडीच्या पंचायतीच्या लोकांनाही भेटा, रस्त्याचा हक्क, देवळाचं अंतर, वर्गणी सगळं तिथे कळतं.

गुंतवणूक_मित्र:
एवढं तपासत बसलात तर जागा जाईल.

सीए_काका:
जाऊ दे की. किनारा लांब आहे.

नीलसागर:
सर्टिफिकेटचा फोटो आला आत्ता. त्यावर जो मालक आमच्याशी बोलतोय त्याचं नाव नाहीये, वडिलांचं आहे. वडील वारलेत. एजंट म्हणतो तीन भाऊ आहेत, धाकट्याकडे सगळं आहे, बाकी दोघं सही करतील नंतर. हे चालतं का?

जकार्तास्थित:
नाही. आधी वारसाचा दाखला, मग जमीन कार्यालयात वारसांच्या नावावर नोंद, आणि करारावर सगळ्यांच्या सह्या एकाच वेळी नोटरीसमोर. "नंतर" सही करणारा भाऊ पाच वर्षांनी दारात येतो, आणि त्याचंच म्हणणं बरोबर असतं. शुक्रवारी एक रुपिया देऊ नका. एजंटला लिहा, तिघांच्या सह्या आणि झोनिंगचा कागद आला की ७ दिवसांत १० टक्के, तेही नोटरीकडे जमा. खरी जागा असेल तर तो थांबेल.

नीलसागर:
मेसेज केला तसाच. मिस्टर म्हणतायत नोकरी घेऊ आणि आधी भाड्याने राहू. सासूबाई सध्या नणंदेकडे राहतील. भाड्याचं घर कुठल्या वाडीत बघावं?

दर्यासारंग:
आत असलेल्या चुलिक गावाच्या जवळ बघा, मुख्य रस्ता आणि बाजार तिथे, अमलापुराही सोपं पडतं. समुद्र स्कूटरवर दहा-पंधरा मिनिटं. जानेवारी-फेब्रुवारी तिथेच काढा, पावसात टेकडीवरून कुठे पाणी उतरतं आणि लाटा किती आत येतात ते बघायला मिळेल. ऑक्टोबरात पाणी कुठल्या विहिरीत टिकतं ते शेजारणींना विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं.

शाकाहारी_कुटुंब:
चुलिकला साबुदाणा मिळतो का?