प्रति: गुलछबू हे नाव कुठून आलं

वर कुणीतरी म्हणलंय की गुलछबू (म्हणजे निशिगंध, रजनीगंधा, इंग्रजीत ट्यूबरोज) मधला छबू म्हणजे आपली छबी, छबकडी वगैरे, फूल दिसायला गोड म्हणून. ऐकायला बरं वाटतं पण तसं नाहीये. फारसीत गुल म्हणजे फूल, शब म्हणजे रात्र (शब-ए-बारात मधला शब तोच) आणि बू म्हणजे वास, तर गुल-शब-बू, बोलता बोलता श चा छ झाला आणि झालं गुलछबू. म्हणजे निशिगंधचा आणि याचा अर्थ एकच की! आणि बू म्हणजे घाण वास हे आपल्या डोक्यात बदबू मुळे बसलंय, फारसीत नुसता वास.

आमची आजी मिरजेची, ती कायम गुलछबूच म्हणायची, निशिगंध हे तिला पुस्तकी वाटायचं. परसात मोरीच्या पाण्यावर चारपाच कंद लावलेले, ते एकेरी पाकळीचे होते, डबलवाल्याला तेवढा वास नसतो. दिवसा जवळ गेलं तरी फार काही नाही, दिवेलागणीनंतर मात्र सोप्यापर्यंत वास यायचा.

बाकी ट्यूबरोज मधे ट्यूब पण नाही आणि रोज पण नाही, लॅटिन ट्युबरोसा म्हणजे कंदवाली. झाड मूळचं मेक्सिकोचं, तिथले अझ्टेक लोक त्याला ओमिशोचित्ल म्हणायचे, म्हणजे हाडाचं फूल, पांढरं असतं ना म्हणून. त्यामुळे रजनीगंधा हे नाव कितीही प्राचीन वाटलं तरी कालिदासाने हे फूल बघितलेलं असणं शक्य नाही.