सीआरपी वाढला की लगेच अँटिबायोटिक? मला नाही पटत

रानवारा: सासऱ्यांना ताप, तिसऱ्या दिवशी सीआरपी (शरीरात कुठे दाह-सूज आहे का सांगणारी रक्ताची टेस्ट) ४२ आला आणि डॉक्टरांनी नुसता रिपोर्ट बघून अँटिबायोटिक चालू केलं, नंतर निघाला डेंग्यू. अहो सूज कशानेही असो, लिव्हर सीआरपी बनवतंच. कोविडमध्ये घरोघरी पाठ झाला होता तो आकडा, शंभरच्या वर जायचा, तोही व्हायरसनेच. या टेस्टवर औषध ठरवणं बंदच करा.

मिरजकर_७: टेस्टला कशाला शिव्या, वाचणाऱ्याला द्या. ब्रिटनमध्ये २०१४ पासूनची गाइडलाइन बघा, छातीत कफ आहे आणि तपासूनही न्यूमोनिया आहे का नक्की कळत नाही तेव्हा सीआरपी करायची, २० च्या खाली तर अँटिबायोटिक नाहीच, २० ते १०० मध्ये चिठ्ठी लिहून द्यायची पण तब्येत बिघडली तरच औषध आणायचं, १०० च्या वर मात्र सुरू. म्हणजे औषध टाळायला काढलेली टेस्ट, तुमच्याकडे उलटी वापरली.

रानवारा: वाचणारे तेच राहणार ना पण! नॉर्मल ५ आणि समोर ठळक अक्षरात ४२ दिसला की पेशंटच म्हणतो, डॉक्टर जरा स्ट्राँग द्या.

रातपाळी: मी आयसीयूत आहे. आम्ही प्रोकॅल्सिटोनिन (पीसीटी, बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्ये रक्तात वाढणारा घटक) बघतो, अँटिबायोटिक सुरू करायला नाही, थांबवायला. २०१६ ची डच ट्रायल, दीडेक हजार पेशंट, पीसीटी ८० टक्के उतरला किंवा ०.५ पर्यंत आला की थांबवायचा सल्ला, औषधाचे दिवस ७ वरून ५ वर आले आणि मृत्यू वाढले नाहीत, उलट कमीच.

मिरजकर_७: आणि २०१८ ची अमेरिकन? १४ हॉस्पिटलं, १६५६ पेशंट, पीसीटीने अँटिबायोटिकच्या दिवसांत काडीचा फरक नाही. वर सीआरपीच्या कितीतरी पट बिल.

रातपाळी: ते पेशंट इमर्जन्सीत खोकला-दमा घेऊन आलेले, बऱ्याच जणांना तसंही अँटिबायोटिक मिळालं नसतं, तिथे टेस्ट वाचवणार काय? सेप्सिसची (इन्फेक्शनने अवयवच बिघडायला लागतात त्याची) गोष्ट वेगळी. २०२४ च्या ब्रिटिश ट्रायलमध्ये पीसीटीने औषधाचा जवळजवळ एक दिवस वाचला, तुमच्या लाडक्या सीआरपीने नाही :) बाकी मलेरियातही पीसीटी चढतो हं, पावसाळ्यात तो एकटा बघून फसायला होतं.

रानवारा: मग सासऱ्यांचं तिसऱ्या दिवशी काय करायला हवं होतं?

रातपाळी: डेंग्यूची एनएस१ टेस्ट आणि मलेरियासाठी रक्ताचा स्मिअर. सीआरपी नंतर, वाटलं तर.