सनबोर्ड लेझरवर नेऊ नका

'लेझरने कापणारं मशीन आल्यापासून आर्किटेक्चरचं मॉडेल म्हणजे नुसती जुळवाजुळव' असं काही जण म्हणतात, ते अर्धंच पटलं. माउंटबोर्ड (जाड पुठ्ठा), एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) इथपर्यंत ठीक. पण आपण सरसकट वापरतो तो सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फोम, आणि पीव्हीसी लेझरखाली जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. छातीला वाईट, मशीनलाही गंज. त्यामुळे सनबोर्डाला कटर आणि स्टीलची पट्टीच. एका दमात आरपार कापायला जाऊ नका, तीन-चार हलके हात मारा आणि ब्लेडचं बोथट टोक मोडायला कंजुषी करू नका.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी आमची साइट (प्रोजेक्टची जागा) कोल्हापूरच्या पंचगंगा घाटालगत होती. १:२०० स्केलला (प्रत्यक्षाच्या दोनशेवा भाग) ५ मिमी सनबोर्ड म्हणजे बरोबर १ मीटर, म्हणून उताराचे थर त्याचेच केले. पायऱ्यांना मात्र तो चालेना. १५ सेंमीची पायरी त्या स्केलला जेमतेम पाऊण मिमी होते! शेवटी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापून थरावर थर चढवले (आई अजून विचारते, त्या कुठे गेल्या म्हणून). खरी फजिती मॉडेलखालच्या पायाची झाली. माउंटबोर्डावर एकाच बाजूने पांढऱ्या गोंदाने कागद लावला, त्यात जुलैचा कोल्हापुरी पाऊस. सकाळी बघतो तर पापडासारखा वाकलेला. तेव्हापासून कागद दोन्ही बाजूंना लावतो आणि रात्रभर वजनाखाली ठेवतो. आमच्याकडे वजन म्हणजे पिठाचा डबा.