प्रति: मराठी मजकुराऐवजी भलतीच अक्षरं

वर धागाकर्त्याने लिहिलंय की स्पार्क (SPARC) प्रोसेसरच्या सर्व्हरवरची यूटीएफ-१६ फाइल (यात दर मराठी अक्षराला दोन बाइट) इंटेल लॅपटॉपवर उघडली की मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात. दोघांनी फॉन्ट बदला म्हटलंय. कृपया फॉन्टच्या मागे लागू नका, बाइटचा क्रम तपासा.

युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना दिलेले क्रमांक. त्यात 'अ'चा क्रमांक हेक्समध्ये (सोळाच्या पायात) ०९०५. स्पार्क आधी ०९ लिहितो, मग ०५. इंटेलवर ते उलटं, म्हणजे ०५०९ वाचलं जातं, आणि ते निघतं कोमी भाषेचं सिरिलिक अक्षर! फाइल हेक्समध्ये उघडा. सुरुवातीला 'एफई एफएफ' असेल तर बिग एंडियन (स्पार्कसारखा, मोठा बाइट आधी), 'एफएफ एफई' असेल तर लिटल एंडियन (इंटेलसारखा, लहान आधी). ही खूण नसेल तर दर जोडीत ०९ आधी येतंय की नंतर ते बघा. देवनागरीत ते लपत नाही.

यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीत बाइटच्या क्रमाची ही भानगडच नाही. प्रोसेसर कुठलाही असो, 'अ' म्हणजे 'ई० ए४ ८५'. दर अक्षराला तीन बाइट जातात, पण जाऊ द्या, ते परवडतं.

मात्र एक गोष्ट सुटते, माझे त्यात दोन दिवस गेलेत. मजकूर यूटीएफ-८ केला, पण त्याच्या आधी मजकुराची लांबी सांगणारा जो चार बाइटांचा आकडा होता, तो स्पार्कच्याच क्रमात राहिला. 'मराठी'ची १५ बाइट ही लांबी इंटेलवर उलट्या क्रमाने २५,१६,५८,२४० म्हणून वाचली गेली आणि प्रोग्रॅम कोसळला. तेव्हा सी भाषेतलं स्ट्रक्ट (एकत्र बांधलेल्या माहितीचा गठ्ठा) जसंच्या तसं फाइलमध्ये ओतू नका. असे आकडे लिहिताना एचटीओएनएल (htonl), वाचताना एनटीओएचएल (ntohl) ही फंक्शन्स वापरा, म्हणजे फाइलमध्ये क्रम कायम बिग एंडियन राहतो.