'अमूर्त' आणि 'निराकार' समानार्थी आहेत का?

प्रश्न (कॉलेज रोड, नाशिक):
येथे भरणाऱ्या एका चित्रप्रदर्शनाच्या माहितीपत्रकाचे लेखन माझ्याकडे आहे. त्यातील 'अमूर्त चित्रे' (म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट चित्रे) काढून 'निराकार चित्रे' लिहावे, कारण तो शब्द लोकांच्या कानांवरून अधिक गेलेला आहे, अशी आयोजकांची सूचना आहे. असा बदल केला तर अर्थ तोच राहील का? 'अमूर्त' या शब्दाची व्युत्पत्तीही जाणकारांनी कृपया सांगावी.

उत्तर (पंचवटी):
अर्थ तोच राहणार नाही. 'निराकार' म्हणजे ज्याला आकार नाही ते. त्या शब्दात अधिक काही दडलेले नाही. 'मूर्त' हे मात्र 'मूर्छ्' धातूपासून झालेले रूप असून धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या अर्थयादीत, या धातूचे 'मोह' आणि 'समुच्छ्राय' असे दोन अर्थ दिले आहेत. पहिल्या अर्थाने बेशुद्धीला 'मूर्च्छा' म्हणतात, तर वाढणे, दाट होणे या दुसऱ्या अंगाने 'मूर्त' आणि 'मूर्ती' हे शब्द येतात. तूप थिजावे तसे जे साकळून घट्ट झाले, ते मूर्त. बृहदारण्यक उपनिषदात (२.३) ब्रह्माची मूर्त आणि अमूर्त अशी दोन रूपे सांगितली असून वायू आणि अंतरिक्ष यांना अमूर्त, तर त्यांहून वेगळे जे काही आहे त्याला मूर्त म्हटले आहे. म्हणजे स्वतःचा आकार नसलेले पाणीही तेथे मूर्तच ठरते! तेव्हा ज्या चित्रांत पट्टे, वर्तुळे आणि रंगांचे थर स्पष्ट दिसतात, त्यांना निराकार म्हणणे मला तरी पटत नाही.

उत्तर (दिंडोरी):
वरील विवेचनाला आपल्याकडचा 'तांदळा' हा शब्द जोडावासा वाटतो. गावाच्या वेशीवर शेंदूर लावून पुजलेला, कोणतीही आकृती न कोरलेला दगड म्हणजे तांदळा. तो मूर्त आहे, पण रूढ अर्थाने मूर्ती नाही. सप्तशृंगीची गोष्ट वेगळी, कारण तेथे अठरा भुजांची कोरीव मूर्तीच आहे आणि तिच्यावर साचलेला शेंदराचा जाड थर २०२२ मध्ये काढल्यावर मूळचे कोरीवकाम दिसू लागले. त्यामुळे शेंदूर दिसला की तांदळा, असे सरसकट म्हणता येत नाही.

उत्तर (सातपूर):
रसायनशास्त्रात 'निराकार'च्या आसपासच्या अर्थाने 'अस्फटिकी' (अमॉर्फस) हा शब्द वापरतात. काचेच्या बाटलीला आकार असतो, तरीही काच अस्फटिकीच, कारण तिच्यातील अणूंची मांडणी स्फटिकासारखी नियमित नसते. माहितीपत्रकाला अर्थातच याचा उपयोग नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. 'अमूर्त'च ठेवतो. मात्र या शब्दाला चित्रकारांचा स्वतःचा काही आक्षेप असतो का?

उत्तर (पंचवटी):
काहींचा असतो. चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांसाठी 'ॲबस्ट्रॅक्ट'ऐवजी 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' (कोणत्याही वस्तूचे चित्रण नसलेले) हा शब्द पसंत करीत. प्रदर्शनातील चित्रकारांना एकदा विचारून मगच मजकूर छपाईला द्यावा.