द्रॅक्माचे एएमयू किती? मोबाईल एक सांगतोय, पुस्तक दुसरंच

शहापूरचा सराफ
नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला आमचं छोटं सराफी दुकान. लेक पीयूसी सेकंडला, म्हणजे बारावीला, सायन्स. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तर मोबाईलवर वजनं बदलून द्यायचं कसलं तरी यंत्र उघडून बसली. तोळ्याचे ग्रॅम, ग्रॅमचे गुंजा करता करता तिला त्यात द्रॅक्मा सापडला. जुनं ग्रीक नाणं. ३.४ ग्रॅम धरून त्यानं एएमयू, म्हणजे अणू तोलायचं माप, दिले २.०४७५ गुणिले १० चा २४वा घात. पुस्तकात मात्र अथेन्सचा द्रॅक्मा ४.३ ग्रॅमचा. त्यानं येतंय २.५९ गुणिले १० चा २४वा घात. म्हणजे बारा माशांच्या तोळ्याला अडीच मासे फरक! असला काटा आमच्या दुकानात असता तर गल्लीत तोंड दाखवाय जागा नसती. चूक अणूच्या मापात की नाण्याच्या? लेक मला विचारतेय, मी तुम्हाला विचारतोय. माझं फिजिक्स दहावीला सुटलं.

निपाणीकर मास्तर
अणूचं माप बिनधास्त धरा. कार्बन-१२ च्या एका अणूचा बारावा हिस्सा म्हणजे १ एएमयू, ऊर्जेत ९३१.४९४ एमईव्ही (अणूतली ऊर्जा मोजायचं माप). एका ग्रॅमात ६.०२२१४ गुणिले १० चा २३वा घात इतके एएमयू. गडबड नाण्यात आहे. आणि लेकीला सांगा, ४.३ मधले दोनच अंक खात्रीचे, तर उत्तरातही दोनच ठेव : २.६. पुढचे अंक यंत्रानं फुकट वाढलेत, पेपरात लिहिलेस तर मी मार्क कापले असते. तुमच्या काट्याचा शेवटचा आकडा ०.०१ ग्रॅमचा असेल ना? पंख्याच्या वाऱ्यानं तो एक घर हलला तरी ६ गुणिले १० चा २१वा घात एएमयू इकडचे तिकडे होतात.

चिकोडीचा नाणीवाला
शेट, द्रॅक्मा एकच कुठं होता? जुन्या काळी आपल्याकडं गावागणिक शेर वेगळा, तसंच ते. अथेन्सचा ४.३ ग्रॅम, एजायना बेटाचा सहाच्या वर, करिंथचा तीनच्याही आत. तो ३.४ वाला असल्या यंत्रांत ‘बायबलमधला’ म्हणून टाकलेला असतो, पण वजन बघाल तर नीरो बादशहाच्या काळानंतरच्या रोमन दिनारियस नाण्याचं. आपल्याकडं मिनँडरनं, म्हणजे मिलिंद राजानं पाडलेला तर अडीच ग्रॅमही भरत नाही. तसली जुनी नाणी पुढं भडोच बंदरात चालत होती. तोच शब्द घासत घासत द्रम्म झाला आणि मग दाम. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० साली, १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क. त्यामुळे आधी कुठला द्रॅक्मा ते विचारायचं, एएमयू नंतर.

शहापूरचा सराफ
आता बघा की! दाम दाम करत जन्म गेला, आणि शब्द ग्रीकांचा.

आज सकाळी दुकान उघडल्यावर चांदीचा एक तुकडा कातरून बरोबर ४.३० ग्रॅम केला. आकडा ४.३०, ४.३१, ४.३० असा नाचाय लागला. मास्तर म्हणाले ते आठवलं, पंखा बंद केला, काचेचं दार लावलं. तेव्हा कुठं थांबला. लेक शेजारी वही घेऊन. म्हणाली, “पप्पा, चांदी-१०७ च्या अणूत ४७ प्रोटॉन, ४७ इलेक्ट्रॉन, ६० न्यूट्रॉन. सुटे तोलले तर १०७.८८८ एएमयू, आणि अख्खा अणू तोलला तर १०६.९०५. मधलं कुठं गेलं?” मी आपलं सवयीनं म्हटलं, आटवताना घट येतेच. ती हसाय लागली. मास्तर, मी चुकलो का?

निपाणीकर मास्तर
अहो, वर्गात इतकी वर्षं ‘वस्तुमान-त्रुटी’ शिकवली, एकदाही घट म्हणायचं सुचलं नाही! घटच ती. ०.९८ एएमयू, म्हणजे साधारण ९१५ एमईव्ही, कण एकत्र बांधले जाताना ऊर्जा होऊन बाहेर पडतात. शेकडा ०.९ धरा. चांदीत दुसऱ्या जातीचा अणू असतो, चांदी-१०९, त्याचा हिशेबही जवळपास तोच. तुमच्या ४.३० ग्रॅमच्या तुकड्याला सुमारे ४० मिलिग्रॅम बसले. फरक इतकाच की तुमची घट मुशीला, कानशीला, राखेत कुठंतरी असते. ही घट झारेकऱ्यानं सगळी राख धुतली तरी हाती लागायची नाही.

शहापूरचा सराफ
४० मिलिग्रॅम म्हणजे गुंजेचा तिसरा हिस्सा. चांदीला एवढी घट कोण विचारतंय मास्तर, सोन्यात दाखवली असती तर गिऱ्हाईक उठून गेलं असतं. लेकीनं वहीत लिहून टाकलंय : ‘अथेन्सचा द्रॅक्मा १ नग, २.६ गुणिले १० चा २४वा घात एएमयू, घट पाव गुंजेहून थोडी जास्त.’ खाली माझी सही पण घेतली, पावतीवर करतो तसली.