कुत्र्याचा खाऊ घरी भाजावा का?

नाचणीभोपळा (पुणे):
दिवाळी जवळ आली की दुकानांत कुत्र्यांच्या खाऊचेही रंगीत पुडे लागतात. हाडाच्या आकाराची बिस्किटं, लालभडक काड्या, चघळायच्या पट्ट्या. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्याकडे ओव्हन किंवा जाड बुडाची कढई आहे, त्याने कुत्र्याचा खाऊ घरीच भाजावा. बऱ्याच पुड्यांवर नुसतं 'धान्ये, मांस व मांसजन्य पदार्थ' असं छापलेलं असतं. कुठलं धान्य, कुठल्या प्राण्याचं काय, काही पत्ता लागत नाही. आणि तो लाल रंग कुणासाठी? कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळतही नाही. रंग घातलाय तो पैसे देणाऱ्यासाठी.

२००७ साली अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या तयार खाद्यात मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरायचं रसायन निघालं. प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये (प्रथिनात) ते मिसळलेलं होतं. मूत्रपिंडं निकामी होऊन जनावरं दगावली. वेगवेगळ्या नावांचे कितीतरी डबे एकाच कारखान्यात भरले जात होते, हे लोकांना तेव्हा कळलं.

माझी कृती देते. दीड वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी कणीक (मिळून २०० ग्रॅमच्या आसपास), उकडून पाणी निथळलेला लाल भोपळा, एक अंडं, भाजलेल्या दाण्यांची एक चमचा चटणीसारखी बारीक पेस्ट. मीठ नाही, साखर नाही, गूळ नाही, तूप नाही. नुसत्या नाचणीचं पीठ लाटताना कडेने फाटतं, म्हणून कणीक लागते. पोळीच्या दुप्पट जाड लाटायचं, शंकरपाळ्याच्या कातण्याने नखाएवढे तुकडे पाडायचे, १६० अंशांवर अर्धा तास भाजायचे आणि ओव्हन बंद केल्यावर थंड होईपर्यंत आतच ठेवायचे. खुळखुळ आवाज यायला हवा. नाही आला तर आत ओल आहे.

पशुवैद्य_सातारा:
तुमच्या कृतीत दोष नाही. ज्या मतासाठी ती मांडलीत ते मात्र मला मान्य नाही. 'घरचं म्हणजे निर्धोक' या समजुतीचे परिणाम मी दर दिवाळीत टेबलावर पाहते. तुमची कृती वाचून दहा जणी करतील आणि त्यातल्या चौघी 'जरा चव यावी' म्हणून काहीतरी घालतील. काय घालतील? मूठभर बेदाणे. किसलेलं जायफळ. चॉकलेटी रंगासाठी कोको. साखर नको म्हणून शुगर फ्री पीनट बटर.

बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि किती बेदाणे चालतात याचा सुरक्षित आकडा नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला चार-पाच बाधतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींमध्ये चिंच आणि बेकिंगमध्ये वापरतात ते क्रीम ऑफ टार्टर खाऊनही कुत्र्यांना हाच त्रास झालेला दिसला. तिन्हींत टार्टारिक आम्ल आहे, म्हणून संशय त्याच्यावर आहे. कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं. ५ किलोच्या पॉमेरेनियनला (पॉमला) चमचाभर कोको पावडर त्रास द्यायला पुरते. शुगर फ्रीमध्ये साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल तर सगळ्यांत वाईट. पोटात गेल्यावर इन्सुलिन एकदम उसळतं आणि अर्ध्या-एक तासात कुत्रा कोसळू शकतो. मात्रा जास्त असेल तर यकृत जातं. डब्यावर ते 'आयएनएस ९६७' एवढंच लिहिलेलं असू शकतं.

चांगल्या कंपनीच्या बिस्किटात यातलं काही नसतं.

नाचणीभोपळा:
डॉक्टर, ही माहिती प्रत्येक कुत्रेवाल्याला हवीच. पण ती घरी भाजण्याच्या विरोधात कशी जाते? बेदाणे, जायफळ, चिंच घरात आधीपासूनच आहेत. बेसनाचा लाडू कुत्र्याला भरवणारे आजोबा काही ओव्हन लावत नाहीत. उलट जी बाई कुत्र्यासाठी वेगळं पीठ मळते ती निदान 'यात काय नको' हे आधी वाचते. कांदा-लसूण नको हे मला त्यातूनच कळलं, आणि शिजवल्याने त्यातलं विष जात नाही हेही.

डोंगरवाट:
मला दोघींचं पटत नाही. बिस्किटाची गरज कुणाला आहे? १८६०च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने कुत्र्याचं बिस्कीट विकायला काढलं. जहाजावरचं कडक बिस्कीट कुत्री खातात हे पाहून त्याला ते सुचलं असं सांगतात. त्याआधी हजारो वर्षं कुत्री माणसाच्या ताटातलंच खात आली. आमच्याकडे मेंढ्यांमागची कुत्री बाजरीची भाकरी ताकात कुस्करून खातात आणि लांडग्याच्या अंगावर जातात. भाकरीचा कोरडा तुकडा हाच खाऊ. त्यासाठी ओव्हन, भोपळा, कातणं कशाला?

आणि 'कुत्रा मांसाहारी, त्याला धान्य विष' असं कुणी सांगायला येईल, त्यांच्यासाठी आधीच लिहितो. स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलंय की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या भाकरीवरच तो कुत्रा झाला.

लॅबचा_बाबा:
डोंगरवाट, मेंढ्यांमागचा कुत्रा दिवसभर रान तुडवतो. आमचा लॅब्राडॉर ठाण्यातल्या दोन खोल्यांत लोळतो. त्याला शिकवताना, नखं कापताना, लिफ्टमध्ये शांत बसवताना हातात काहीतरी लागतं. भाकरीचा तुकडा खिशात चुरा होतो आणि चुरा हुंगत बसला की शिकवणी संपली. नखाएवढा कडक तुकडा हेच खरं काम करतो. दुकानातलं बिस्कीट मोडून इतकं लहान होत नाही.

पशुवैद्य_सातारा:
लॅबच्या बाबांनी मुद्दा काढलाच आहे तर आकडे बोलूया. १० किलोच्या, नसबंदी झालेल्या घरगुती कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. वरचा खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसवायचा, म्हणजे ६०. नाचणीभोपळा यांच्या घाण्यात पीठ, अंडं, भोपळा, दाणे मिळून साडेआठशेच्या आसपास कॅलरी होतात. त्याचे शंभर तुकडे पाडले तर एकात आठ-नऊ. दिवसाला सहा-सात तुकडे, संपलं. चार किलोच्या पॉमला तीन. नेहमीच्या मोठ्या बिस्किटाच्या आकाराचे वीसच पाडले तर एकात चाळीसच्या वर जातात, आणि घरातले चौघे चार वेळा एकेक देतात. माझी भीती ही आहे. घरी केलेलं आहे म्हणून हात सैल सुटतो.

लॅब्राडॉरच्या बाबतीत तर जास्तच. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडॉरांमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. अशा कुत्र्याची खा-खा जास्त असते. 'त्याला भूक लागलीय बिचाऱ्याला' असं वाटून देत राहाल तर कमरेचे आणि गुडघ्याचे सांधे जातील.

लॅबचा_बाबा:
आमचा ३४ किलो आहे आणि डोळे असे करतो की आईला राहवत नाही. आजपासून सकाळीच मोजून एका छोट्या डबीत काढून ठेवतो. डबी रिकामी झाली की बंद.

वसईकर_मी:
मी घरी भाजायचं सोडलं त्याचं कारण अजून कुणी लिहिलं नाही. पावसाळा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे काडेपेटी पेटत नाही, तिथे भोपळा घातलेलं बिस्कीट डब्यात चार दिवस कसं टिकणार? वरून कडक दिसतं, आत पांढरी लव. बुरशीतल्या काही विषांनी कुत्र्याला झटके येतात. जुने, खवट, काळपट दाणे असले तर अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका वेगळा, आणि ते भाजल्याने जात नाही. दुकानातल्या पुड्यात ओल मोजून ठेवलेली असते.

नाचणीभोपळा:
वसईकर, पावसाळ्यात मीही बाहेर ठेवत नाही. भाजून गार झाले की फ्रीझरमध्ये, रोजच्यापुरते काढायचे. दाणे मात्र एकेक निवडून घ्यावेत, हे अगदी खरं. पण अफ्लाटॉक्सिनमुळे २००५ मध्ये आणि पुन्हा २०२०च्या अखेरीस अमेरिकेत कुत्र्यांचं कारखान्यातलं खाद्यच परत मागवावं लागलं होतं. यंत्राने ओल मोजली तरी मका खराब निघायचा तो निघाला. माझ्या परातीतले दाणे निदान माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आत्ताच_आले:
मधेच लिहिते, माफ करा. आमच्या कुत्रीने तासाभरापूर्वी खाली पडलेला रव्याचा लाडू खाल्ला, बेदाणे होते, तीन-चार तरी. ती छान खेळतेय. वर वाचून धस्स झालं. ८ किलोची आहे. उलटी करवू का? आई मिठाचं पाणी दे म्हणतेय.

पशुवैद्य_सातारा:
मिठाचं पाणी अजिबात देऊ नका, त्याने वेगळीच विषबाधा होते. आत्ता खेळतेय यावर जाऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास दिसायला एक ते तीन दिवस लागू शकतात आणि तोवर उशीर होतो. जवळच्या पशुवैद्यांना आत्ता फोन करा आणि निघा. सुरुवातीच्या दोन तासांत दवाखान्यात इंजेक्शनने उलटी काढता येते. वजन आणि खाल्ल्याची वेळ सांगा, उरलेले लाडू बरोबर न्या म्हणजे बेदाण्यांचा अंदाज येईल.

आत्ताच_आले:
निघालो. डॉक्टर मिळालेत.

शेरूची_ताई (नाशिक):
बरं झालं. माझा मुद्दा रस्त्यावरच्या कुत्र्यांचा आहे. आमच्या कॉलनीत सगळे ग्लुकोज बिस्किटं टाकतात. त्यात १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम साखर असते. मी महिन्यातून एकदा ज्वारी-नाचणीचे मोठे घाणे भाजते, अंड्याशिवाय, थोडं ताक घालून. पीठ गिरणीतून आणलं की पुड्यांपेक्षा स्वस्त पडतं. बिस्किटाने त्यांचं पोट भरत नाही हे मला कळतं. पण हाक मारल्यावर जवळ आली तरच रेबीजची लस टोचता येते, आणि जवळ येतात ती खाऊला. डॉक्टर, याला तरी तुमचा विरोध नसावा.

पशुवैद्य_सातारा:
याला मुळीच नाही. लसीच्या दिवशी घेऊन या, मी स्वतः पिशवी धरते.

नाचणीभोपळा:
मग एक विचारते. सोसायटीच्या दिवाळी प्रदर्शनात याच तुकड्यांची पाकिटं ठेवायचा विचार आहे. चालेल ना?

पशुवैद्य_सातारा:
इथे मात्र माझा ठाम नकार. तुमच्या घरात तुमच्या कुत्र्याचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. पाकीट नेणाऱ्याचा कुत्रा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेला असेल, गव्हाने अंग खाजवणारा असेल. पुड्यावर नीट लिहिलेलं नसतं अशी तुमची सुरुवातीची तक्रार होती. तुमच्या पाकिटावर काय लिहिणार आहात?

नाचणीभोपळा:
पाचही जिन्नस वजनासकट, भाजल्याची तारीख, एका तुकड्याच्या कॅलरी आणि 'आजारी कुत्र्याला डॉक्टरांना विचारून'. मोठ्या पुड्यांवर याहून कमी असतं.

पशुवैद्य_सातारा:
ओल मोजलेली नसेल तर तारीख लिहून उपयोग नाही. देणारच असाल तर दोन दिवसांत संपेल एवढंच द्या, फ्रीजमध्ये ठेवायला सांगा, आणि पैसे घेऊ नका. पैसे घेतले की जबाबदारी बदलते.

डोंगरवाट:
पैसे न घेता दोनशे घरांना कोण भाजून देणार? म्हणून म्हणतो, भाकरी.

नाचणीभोपळा:
दोनशे नाही, आमच्या दोन इमारतींत कुत्री चौदा आहेत. चौदा घरांना फुकट देईन, आणि प्रत्येकाला कृतीचा कागद देईन. बेदाणे, जायफळ, चिंच, कोको, कांदा, लसूण आणि ९६७ हे त्यावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत.